बांगड्या भरल्याचा आवाज

जवळा बाजार या गावात अफरोज मनियारनं केलेलं रेकॉर्डिंग ओळखायला फार कान लागत नाहीत. ते लांबूनच दातांत शिरतं. रिक्षाच्या टपावर भोंगा बांधून सोयाबीनच्या बियाण्याची जाहिरात गावभर फिरते, तिच्यातला एकेक 'स' आणि 'च' असा सुटतो की पाळण्यातलं लेकरू दचकावं. भजनी मंडळाच्या टाळांचंही तेच, कव्वालीतल्या टाळ्यांचंही तेच. गावातले लोक म्हणतात, गळा कसाही असू द्या, अफरोजकडं गेलं की आवाजाला कल्हई होऊन मिळते. यात कौतुक किती आणि टोमणा किती हे त्यानं कधी मोजलं नाही. शहाणा माणूस मोजतही नाही.

ही कल्हई म्हणजे एक प्लगइन. गाणं जुळवायचा जो प्रोग्राम कॉम्प्युटरवर असतो, त्याला बाहेरून जोडायचं एक लहानसं अवजार. कुणा परदेशी माणसांनी फुकट वाटलेलं. पडद्यावर दोनच गोल बटणं. एक फिरवलं की आवाजाचा वरचा, बारीक भाग उजळतो. दुसरं फिरवलं की त्याच्याही वरचा भाग उजळतो, जिथं शब्द संपलेले असतात आणि नुसती झळाळी उरते. फुकट मिळालेली वस्तू बेतानं वापरायची रीत आपल्याकडं नाही, त्यामुळं अफरोजची दोन्ही बटणं कायम पार शेवटाला टेकलेली असायची. कुणी विचारलंच तर तो समजावून सांगायचा. काही प्लगइनं स्वतःच्या मनचं आवाजात घालतात, हे तसलं नाही. हे फक्त तळाला बसलेलं वर काढतं. जे मुळात नाहीच, ते कुणाच्या बापालाही वर काढता यायचं नाही.

हे त्याचं बोलणं ध्यानात ठेवा. त्याचा त्या बोलण्यावर फार विश्वास होता.

अफरोज वाढला तो बांगड्यांत. बाप चाँद पाशा सायकलला पेटी बांधून खेडी फिरायचा आणि आई हलीमा दुकानात बसायची. सिद्धेश्वरापासून औंढ्यापर्यंत कितीतरी नवरी मुलींचा चुडा हलीमानं भरला. नवरीचा अंगठा तळव्यात दुमडायचा, हाताची हाडं दाबून दाबून चिंचोळी करायची आणि बांगडी एका दमात मनगटावर उतरवायची. 'हात सैल सोड' एवढं आधी एकदा सांगायचं, मग भरणं संपेपर्यंत चकार शब्द नाही. पोरगी कळवळली तरी हलीमाचं तोंड बंद. भरून झालं की तिच्या बोटातली चांदीची अंगठी पेटीच्या पत्र्यावर दोनदा वाजायची, टक टक. म्हणजे झालं, ऊठ. मग ती बाई, कोणत्याही जातीची असो, वाकून हलीमाला नमस्कार करायची. बांगड्या भरणाऱ्या हाताला नमस्कार करायचा, ही रीत. हलीमा तिच्या डोक्यावर हात ठेवायची आणि पुढच्या बाईकडं बघायची.

दुकानामागं एक अंधारी खोली होती आणि तिला गल्लीत उघडणारं मागचं दार. बाजाराच्या दिवशी दुपारी गर्दी ओसरली की हलीमा त्या खोलीत जाऊन मागच्या दाराला आतून कडी लावायची. लहानगा अफरोज बाहेर गल्लीत, त्या दाराच्या पायरीवर भुकेला बसलेला असायचा. आत कुणी ना कुणी बाई असायची, मागच्या गल्लीतून आलेली, पांढऱ्या कपाळाची, मोकळ्या हातांची. तशीच मोकळ्या हातांनी ती परत जायची. दुःख बोलायला येत असतील, असं पोराला वाटायचं. त्याला त्या बायांशी देणंघेणं नव्हतं. त्याचे सगळे प्राण कानात आलेले असायचे, ते अंगठीच्या टकटकीसाठी. ती वाजली म्हणजे अम्मी मोकळी झाली. मग आतून कडी निघायची, बाई डोक्यावरचा पदर सारखा करत गल्लीनं निघून जायची आणि अम्मी हाक मारून त्याला भाकर वाढायची.

पुढं चाँद पाशा गेला. अफरोज हिंगोलीच्या एका बॅन्डवाल्याकडं मशीन सांभाळायला लागला, तिथं चार गोष्टी शिकला, आणि परत येऊन त्यानं त्याच मागच्या खोलीत रेकॉर्डिंगचं बस्तान बसवलं. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले. मागच्या दारातून गल्लीतली कुत्री आणि फटफट्या ऐकू यायच्या, म्हणून त्यानं कडी घातली आणि दारावर जाड वाकळ खिळ्यांनी ठोकून टाकली. हलीमा बघत होती. खोली गेली, म्हणाली नाही. दार काहून बंद करतो, एवढंच एकदा म्हणाली, आणि त्यानं तिला आवाजाचं शास्त्र समजावून सांगितलं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत हलीमा गेली. अफरोजनं साऱ्या तालुक्याचे आवाज घेऊन ठेवले होते, उमेदवारांचे, कीर्तनकारांचे, रुखवत म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांचे. आईचा मात्र एक शब्द नाही. ती तर भिंतीपलीकडंच होती. उद्या घेऊ, असं तो म्हणायचा. हे त्याला अजून खातं, आणि खायलाच पाहिजे.

आता पुढं दुकानात त्याची बायको गुलनाज बसते, हलीमाच्याच हाताखाली शिकलेली. मधली भिंत पातळ. गुलनाजनं कुणाला बांगड्या भरल्या की ती किणकिण आत माइकमध्ये शिरते. त्यामुळं अफरोजची कामाची रीत ठरून गेलेली आहे. रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घेतलं की आधी कल्हई करायची, मग कल्हईमुळं वर आलेली किणकिण शोधून छाटायची. ती स्वराच्या कुठल्या उंचीवर वाजते हे त्याच्या हाताला पाठ आहे. कान न देताही तो छाटतो.

या सवयीनंच पुढं घोळ केला.

गेल्या उन्हाळ्यात प्रियदर्शनी त्याच्याकडं आली. सासर आखाडा बाळापूर, तिथं ती आशाताई म्हणून काम करते. माहेर सिद्धेश्वर, धरणाच्या खालच्या अंगाला. तिची आई सखुबाई बाजाराला भाजी घेऊन यायची, अफरोज तिला मावशी म्हणायचा. सखुबाई वारली त्याला वर्ष होत आलं होतं. आधी अर्धांगवायूचा झटका, मग पडून राहणं. प्रियदर्शनी माहेरी जाऊन तिची उस्तवार करत होती. आईची जीभ किती वळते ते डॉक्टरला ऐकवावं म्हणून तिनं एका दुपारी जुना फोन चालू करून अंथरुणात उशाशी ठेवला. फोन वाकळेत गेला, आणि नंतर तासभर तसाच चालू राहिला. ते रेकॉर्डिंग घेऊन ती आली होती. त्यात नुसती घरघर होती, तोंडावर उशी ठेवून कुणी बोलावं तशी.

तिनं ओढणीच्या टोकानं तोंड पुसलं आणि जे मागायचं ते नीट मागितलं.

"समदे म्हणले, बरळती. मला बी तसंच वाटलं. पण भाऊ, ती माझ्याकडं बघून बोलून राहिली हुती. जाता जाता तिनं मला काय सांगितलं, तेवढं मला पाहिजे. बाकी काही नको."

तिची तळमळ साधी नव्हती. सखुबाईच्या कपाळाचं कुंकू प्रियदर्शनी चालायच्या आधीच पुसलं गेलं होतं. पुढं लेकीच्या लग्नात हलीमा चुडा भरायला घरी आली, तेव्हा पहिली बांगडी आईच्या हातानंच भरीन, असा हट्ट पोरीनं धरला. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. विधवेनं नवरीच्या चुड्याला हात लावायचा नसतो. सखुबाई काही न बोलता उठली आणि गोठ्यात जाऊन उभी राहिली, चुडा भरून होईपर्यंत आली नाही. लोकांनी अडवलं असतं तर पोरगी भांडली असती, पण आई स्वतःच निघून गेली. ते तिच्या मनातून कधी गेलं नाही. त्यानंतर ती आईशी बोलायची, पण वरवरचं. शेवटच्या आजारपणात जवळ बसली, मूत काढलं, तेल लावलं, तरी ती गोष्ट दोघींच्या मधे होतीच. आता कुठं जाऊन विचारणार?

अफरोजनं रेकॉर्डिंग ठेवून घेतलं आणि होईल म्हणाला. कल्हईवाल्याला असलं काम म्हणजे हातचा मळ, असा त्याचा तोरा होता.

दुसऱ्या दिवशी तो कानाला हेडफोन लावून बसला. शब्दांची धार, तो 'स', तो 'च', तो 'श' ओठाजिभेवर जिथं घासला जातो ती सगळी वरच्या भागात असते, आणि तीच वाकळेनं खाऊन टाकलेली. त्यानं पहिलं बटण फिरवलं, दुसरं फिरवलं. घरघरीतून बाईचा आवाज वर यायला लागला. त्याबरोबर किणकिणही आली. त्यानं नेहमीसारखी ती छाटली, आणि शब्द पुन्हा गाळात गेले. पुन्हा वर काढले, पुन्हा किणकिण. असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी त्यानं हेडफोन आदळला आणि तणतणत पुढं गेला, जरा वेळ बांगड्या भरू नको म्हणून बायकोला झापायला.

गुलनाज दुकानात गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. उन्हामुळं सकाळपासून एक गिऱ्हाईक नव्हतं. तिनं तसं सांगितलं आणि पुन्हा शेंगांना लागली.

अफरोज तिथंच उभा राहिला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला, आणि त्या उजेडानं काही बरं वाटलं नाही. हे रेकॉर्डिंग या खोलीत झालंच नव्हतं. गुलनाजच्या बांगड्या त्यात शिरणार कुठून? तो सिद्धेश्वरातल्या एका घरातला आवाज होता, आणि तो इतका वेळ सवयीनं आपल्या घराची किणकिण समजून तो कापत बसला होता.

मग त्यानं प्रियदर्शनीला फोन लावला आणि सहज विचारल्यासारखं करून विचारलं, त्या दुपारी खोलीत कोण कोण होतं. आम्ही दोघीच, ती म्हणाली. तुमच्या हातात बांगड्या असतील ना, त्यानं विचारलं. नव्हत्या. आईला अंघोळ घालताना, उचलताना काच लागू नये म्हणून तिनं माहेरी गेल्या दिवसापासून काढूनच ठेवल्या होत्या. आणि मावशीच्या?  "भाऊ, तुमी बघितले न्हाई का तिचे हात?" ती म्हणाली. अफरोजनं फोन ठेवला.

खोलीत परत जाऊन त्यानं आवाजाचा आलेख उघडला. जुना साधा फोन, त्याला ठरावीक उंचीच्या वरचं काही टिपताच येत नाही. आलेखात तिथं सरळ रेघ होती आणि रेघेच्या वर काळं कुळकुळीत, काहीच नाही. काचेची किणकिण वाजायची जागा त्या काळ्याच्या आत होती. त्यानं दोन्ही बटणं उतरवली, किणकिण गेली. चढवली, आली. जे मुळात नाहीच ते वर काढता येत नाही, असं तो जगाला सांगत आला होता. आता ते वर येत होतं, आणि आलेखात काळं ते काळंच होतं.  त्यानं खोलीचं दुकानाकडचं दार उघडं टाकलं, उगीच, कुणीतरी दिसत राहावं म्हणून.

शेवटी त्यानं गुलनाजला बोलावलं. काही न सांगता हेडफोन तिच्या कानाला लावला. ती बराच वेळ ऐकत राहिली. तिचा चेहरा कामाला बसल्यासारखा झाला, आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप दाबल्यासारखी हलायला लागली.

"ह्या घातलेल्या बांगड्या न्हाईत," ती म्हणाली. "कुणीतरी भरून राहिलंय. एक एक."

हातात घातलेल्या बांगड्या सगळ्या मिळून वाजतात. या तशा वाजत नव्हत्या. आधी एकही नाही. मग एक बांगडी हाडावरून घासत जाते आणि गप्प होते. मग दुसरी घासत येते आणि पहिलीवर टेकते. मग तिसरी. भरणारीच्या तोंडून शब्द नाही. हे सगळं गुलनाजनं एका दमात सांगितलं, आणि सांगता सांगता तिचा आवाज खाली गेला. हेडफोन काढून तिनं बाजूला ठेवला. मग तिनं नवऱ्याला ते सांगितलं, जे सासूनं तिच्याकडं अमानत म्हणून ठेवलं होतं.

बाजाराच्या दुपारी मागच्या दारानं येणाऱ्या त्या बाया दुःख बोलायला येत नव्हत्या. त्या बांगड्या भरायला यायच्या. हलीमा कडी लावून प्रत्येकीच्या मापाच्या तिच्या तिच्या बांगड्या तिला भरायची. बाई घटकाभर बसायची, हात हलवून बघायची, वाजवायची, एखादी रडायची. मग हलीमा त्या साबणानं अलगद उतरवून घ्यायची, त्या बाईच्याच जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधायची आणि एका पत्र्याच्या डब्यात ठेवायची, पुढच्या बाजारापर्यंत. गावाला कळलं असतं तर त्या बायांचं जिणं हराम झालं असतं, हलीमाचं दुकानही उठलं असतं. सखुबाई वर्षानुवर्षं येत होती. अफरोजनं खोली घेतली आणि मागचं दार ठोकून बंद केलं, तेव्हा ते थांबलं. डबा माळ्यावर होता, आत्ता तो बसला होता त्याच्या डोक्यावर.

अफरोजला आपण ठोकलेली वाकळ दिसत होती. आईनं विचारलेला तो एकच प्रश्न त्याला आठवला, आणि आपण दिलेलं ते आवाजाचं शास्त्र. त्याला इतकी लाज वाटली की तो बायकोकडंही बघू शकला नाही.

नाही जमलं, असं प्रियदर्शनीला सांगून टाकावं, असं त्यानं ठरवलं. मेलेल्या बाईचं झाकलेलं आपण कशाला उघडायचं? गुलनाजनं ऐकून घेतलं आणि तिला जे वाटलं ते सरळ सांगितलं: सखुमावशी बोलली ते आपल्या लेकीपाशी बोलली, मधे कात्री लावणारे तुम्ही कोण?  त्यानं प्रियदर्शनीला बोलावून घेतलं.

ती आली तेव्हा दुपारच होती. तिघं त्या खोलीत बसली. अफरोजनं काहीही छाटलं नाही. मोठ्या स्पीकरवर लावलं, दोन्ही बटणं शेवटाला टेकवली आणि हात मांडीवर ठेवले.

आधी नुसता श्वास. मग काच हाडावरून घासत गेल्याचा आवाज, आणि सखुबाई. जीभ जड, पण शब्द न् शब्द सुटा.

"हलीमा, आवळून भर. दुखू दे. हिरव्याच भर."

प्रियदर्शनीनं तोंडावर हात ठेवला. गुलनाजनं हळू आवाजात तिला मागच्या दाराची आणि डब्याची गोष्ट सांगितली. थोडक्यात, लपवाछपवी न करता. प्रियदर्शनी ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. स्पीकरमधून बांगडीवर बांगडी चढत होती. वर्षभरापूर्वीची ती दुपार, आणि त्या दुपारी हलीमाला जाऊन कितीतरी दिवस लोटले होते. खोलीतल्या तिघांनाही ते ठाऊक होतं. मग भरणं थांबलं. सखुबाईचा आवाज पुन्हा आला, या वेळी जवळून, फोनवर वाकल्यासारखा.

"सरक गं हलीमा. हिला मी भरते. इथं कोण बघून राहिलंय?" मग लेकीला, लाडाच्या नावानं, "हात सैल सोड, पिरे."

काच घासली. लांबत लांबत, हळू, एका अशक्त माणसानं सारा जोर लावून बांगडी हाडावरून मनगटावर उतरवावी तशी. त्याच रेकॉर्डिंगमध्ये प्रियदर्शनीचा स्वतःचा आवाज आला, "आई, दुखतंय," आणि मग ती किणकिण एकटीच, स्वच्छ, दुसऱ्याच मनगटावर.

प्रियदर्शनीनं आपला डावा हात उजव्या हातात धरला. 

"तिनं माझा अंगठा तळव्यात दुमडला हुता," ती म्हणाली. "हाडं मोडतील एवढा हात दाबला. तिच्यात पाणी प्यायचं बळ न्हवतं, भाऊ. मला वाटलं, कळ आली म्हणून धरला आसंल. मी तसाच राहू दिला."

ती रडली, मोठ्यानं, पोरीसारखी. अफरोजही रडला. गुलनाज उठली, स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा खाली घेतला आणि त्यातलं एक गाठोडं प्रियदर्शनीच्या मांडीवर ठेवलं. कापड बघताच तिनं ओळखलं. आईचं जांभळं लुगडं, आपण लहानपणी त्याच्या झोळीत झोपायचो म्हणाली. गाठ हलीमाची होती, घट्ट, धूळ बसलेली, कुणी हात न लावलेली. सासू गेल्यावर डबा वर ठेवताना गुलनाजनं प्रत्येक गाठोडं चाचपून पाहिलं होतं, सगळ्यांत काच होती. आता ही गाठ नखानं सुटेना, सुई घालावी लागली. कापड उघडलं. आत कापडावर बांगड्यांच्या गोल खुणा उमटलेल्या होत्या, काचेची हिरवट भुकटीही होती. बांगडी एकही नव्हती.

गुलनाजनं धडपं पुन्हा उलटसुलट करून पाहिलं आणि खाली ठेवलं.  स्पीकरमधून रेकॉर्डिंग चालूच होतं, नुसतं सूं सूं. सखुबाईचा आवाज संपल्यापुढं अफरोजनं ते कधी ऐकलंच नव्हतं, आणि बंद करायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

प्रियदर्शनीनं डोळे पुसले आणि लुगड्याचं धडपं घडी करून कमरेला खोचलं. जायला उठली, दारापर्यंत गेली, आणि तिथून परत फिरली. बांगडी भरून घेतली होती आणि रीत राहिली होती. तिनं ओढणी डोक्यावर घेतली, डावं मनगट उजव्या हातानं धरूनच त्या स्पीकरपुढं वाकली आणि नमस्कार केला.

तेवढ्यात त्या सूं सूं मधून वाजलं. पत्र्यावर चांदीची अंगठी. टक टक.

प्रियदर्शनीला ते कशाचं आहे हे कळलं नाही, गुलनाजला कळलं. प्रियदर्शनी ओढणी सारखी करत निघून गेली. अफरोज मात्र उठून उभा राहिला होता. आपण कधी उठलो हे त्याचं त्यालाही समजलं नाही. गुलनाजनं विचारलं, तुम्हालाही ऐकू आलं का. तो म्हणाला, "अम्मी मोकळी झाली."

मग तो मागच्या दाराशी गेला आणि वाकळेचे खिळे उपटायला लागला. पक्कड आणायलाही थांबला नाही, बोटांनीच. गुलनाज त्याचा दंड धरून होती. शेवटचा खिळा निघाला, वाकळ धुळीसकट खाली आली, आणि दोघांनीही ती कडी बघितली, जी त्यानं स्वतःच्या हातानं घातली होती आणि जिच्यावर इतकी वर्षं कुणाचा हात पोचणं शक्य नव्हतं.

लहानपणी ती नेहमी आतूनच निघायची. आताही निघालेली होती.